पाऊल वाजलं पाहिजे

१२ जून

चिंगे,

फोन करू नकोस म्हणून आधीच लिहिते. नवा फोनही टाकाऊ निघाला. तू बोलतेस की उशीत तोंड खुपसून पुटपुटतेस, काही कळत नाही. दुकानदाराकडे नेला तर म्हणाला, यंत्र उत्तम आहे. आपल्या मालात खोट आहे असं कबूल करणारा माणूस हल्ली जन्मालाच येत नाही बहुधा. तेव्हा आपलं कागद-पेन बरं.

तुझी लेक धडधाकट आहे. जेवते, झोपते आणि उरलेल्या वेळात माझ्याशी वाद घालते. मी तिचं नाव टिटवी ठेवलं ते काही उगाच नाही. काडीसारखे पाय आणि त्यांच्यावर उभं राहायची जिद्द एवढी. डिसेंबरात मोठं नाट्यगृह घेतलंय. माझ्या वर्गाचा हा शेवटचा मोठा कार्यक्रम, त्यानंतर असले व्याप नकोत, माझे गुडघे जिन्यावरच बोलायला लागलेत. शेवटचा नाच टिटवीचा एकटीचा. त्यात मधेच वाद्यं थांबतात आणि नुसती पावलं वाजतात. मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत ती पोचली पाहिजेत.

पण इथेच माझ्या नाकी नऊ आलेत. पाऊल वाजलं पाहिजे, हे मी पोरींना ऊठसूट सांगते. आणि यांची पावलं वाजतच नाहीत गं! लोण्याचे पाय घेऊन येतात. दरवर्षी नवी तुकडी येते ती आधीच्या तुकडीपेक्षा मऊ. 'ऐकू येत नाही, जोरात' असं ओरडून माझाच घसा बसतो.

त्यात तुझ्या लेकीचं काहीतरी दुखतं म्हणे. कधी नडगी, कधी घोटा. अगं, एक दुखणं असेल तर एक जागा सांग ना. तुझ्या दवाखान्यात एवढे लंगडे येऊन सरळ होऊन जातात, त्यांना तू लावतेस ते मलम दोन-चार डब्या पाठवून दे.

ताई


२० जून

ताई,

मलम पाठवत नाही. मलमाने कातडी गुळगुळीत होते, आतलं काही दुरुस्त होत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, वैदूबाई नाही, हे तुला किती वर्षं सांगू?

टिटवीच्या दुखण्याचं वर्णन वाचून मला तरी हा फरशीचा प्रताप वाटतोय. तुझ्या वर्गात सिमेंटवर दगडी फरशी आहे. त्यावर अनवाणी पाऊल आपटलं की तो दणका जमीन गिळत नाही, तसाच वर पाठवते. मग घोटा, नडगी, गुडघा, कंबर, ज्याला जमेल तो सोसतो. आमच्याकडे नाचणाऱ्या बायका येतात त्या पन्नाशीत येतात, आणि म्हणतात अचानक दुखायला लागलं. अचानक काही नसतं गं. वर्षानुवर्षं थोडं थोडं साठत गेलेलं असतं.

सुताराला बोलाव. खाली रबराचे तुकडे, त्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या आणि त्यावर फळ्या, अशी जमीन करून घे. ती पावलाखाली जराशी दबली पाहिजे. वर्ग सुरू होण्याआधी पोरींना अंग गरम करू दे. आठवड्यात एक दिवस पाय आपटणं बंद, त्या दिवशी हात आणि डोळे शिकव. टिटवीसाठी पोटऱ्या बळकट करायचे व्यायाम सोबत लिहिले आहेत, चवड्यावर उभं राहायचं आणि हळू खाली यायचं.

आणि तिला विचार, नीट विचार. मी फोनवर विचारलं तर 'मस्त आहे' म्हणाली. तिचा बाप दाढ सुजलेली असतानाही मस्तच असतो.

तुझी
चिंगी


९ ऑगस्ट

चिंगे,

झाली तुझी जमीन! सुताराने वर्गात पसारा मांडला तेव्हा मी तुला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. पण काम संपल्यावर सगळे गेले आणि मी एकटी अनवाणी त्यावर गेले. खरं सांगते, अंगावर काटा आला. आयुष्यभर मी जमिनीवर नाचले आणि जमीन नुसती पडून असायची. ही पायाला उत्तर देते. मी हळूच एक गिरकी घेतली, या गुडघ्यांवर! आणि मग बराच वेळ तिथेच बसून राहिले.

आवाजाशी मात्र घोडं अडलंय. लाकूड म्हणजे कसं दणदणायला हवं! मला काही फरक वाटेना. सुताराला परत बोलावलं. तो म्हणाला, बाई, खाली रस्त्यावर ऐकू येतंय. त्याला आपल्या कामाचं कौतुक, तो तसंच म्हणणार. मग पोरींना म्हटलं, आता जमीन मऊ आहे ना, मग जोर दुप्पट लावा. आणि लावला त्यांनी! एकीने तोंड वर करून विचारलं नाही. मी मेली कितीही खडूस असले तरी या पोरींचं मला नवल वाटतं. इतकं मुकाट्याने कोण ऐकतं हल्ली?

टिटवी आता दुखण्याचं नावही काढत नाही. तुझे व्यायाम न चुकता करते, मी सांगितलं त्याच्या दुप्पट. तेव्हा गुण आला म्हणायचा.

ताई


२ सप्टेंबर

ताई,

न सांगता आले आणि तुझ्याशी धड न बोलता लेकीला घेऊन निघाले. तू रागावली असशील. मीही रागावले होते, म्हणूनच तोंड बंद ठेवलं. आता सगळं लिहिते.

टिटवीच्या पायातलं एक हाड चिरलं आहे. पावलाच्या वरच्या बाजूला, मधोमध, होडीच्या आकाराचं एक लहानसं हाड असतं. नाचताना सगळा भार त्यातून जातो आणि नेमकं तिथेच रक्त कमी पोचतं. साध्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. मोठी तपासणी केली तेव्हा केसाएवढी भेग दिसली. नडगी आणि घोटा हे ती तुला नुसतं सांगत होती, कारण खरी जागा सांगितली असती तर तू तो नाच तिच्याकडून काढून घेतला असतास. आणि मी फसले ते वेगळंच. इतक्या लांबून, न बघता व्यायाम लिहून पाठवले, आणि ती चिरलेल्या हाडावर चवड्याने उभी राहत होती.

प्लास्टर घातलंय. पाय जमिनीला टेकवायचा नाही. हाड सांधलं तर नाचेल. नाही सांधलं तर चालेल, जिने चढेल, नोकरी करेल, पण नाचणार नाही. कुठल्या बाजूला जाईल हे आज कोणीच सांगू शकत नाही. मला ताई, नुसतं तेवढंच दिसतंय सध्या.

आता दुसरं. मी त्या दिवशी तुझ्या जिन्यात होते तेव्हा मला वाटलं, वर कोणी कपाट पाडतंय. दारात आले तर पोरी नाचत होत्या. त्या लाकडावर, अनवाणी, इतक्या जोरात, की खिडकीची काच थरथरत होती. तू माझ्याकडे पाठ करून खुर्चीवर होतीस. मी तुला हाक मारली. परत मारली. तू वळली नाहीस. समोरच्या पोरींनी मला पाहिलं आणि त्यांच्यातल्या एकीने ओठांवर बोट ठेवलं. मग तू म्हणालीस, 'ऐकू येत नाही, जोरात.' त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि असे पाय आपटले की मी दाराची चौकट धरली. तू मात्र खूश होऊन मान डोलावलीस.

ताई, तुझ्या पोरींचे पाय मऊ नाहीत. फोनही चांगले आहेत. तुला ऐकू कमी येतं, आणि हे तुझ्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे.

चिंगी


२८ सप्टेंबर

मावशी,

वर्गात 'तुम्ही' आणि घरी 'तू' असा आपला नियम आहे. हे पत्र घरातलं समज.

आईने तुला काय लिहिलं ते मला आता कळलं. तू उत्तर दिलं नाहीस म्हणून मी लिहिते. आम्ही तुला फसवत नव्हतो. आधीच्या तुकडीतल्या ताया गेल्या तेव्हा जाताना आम्हाला सांगून गेल्या होत्या की बाईंना कमी ऐकू येतं, त्यांना कळू देऊ नका, कळलं तर त्या वर्ग बंद करतील. त्यांनाही त्यांच्या आधीच्यांनी सांगितलं होतं. मग आम्ही ठरवलं की तुझ्यापर्यंत पोचेल असं नाचायचं. त्यात काही विशेष नव्हतं. तू डोळे मिटून बसायचीस आणि आमचा ताल तुझ्यापर्यंत पोचला की तुझा चेहरा जो व्हायचा ना, तो बघायला आम्ही काहीही केलं असतं. तू तो चेहरा स्वतः कधी पाहिलेला नाहीस, म्हणून तुला कळणार नाही.

माझा पाय माझ्या खोटं बोलण्यामुळे गेला, तुझ्यामुळे नाही. रोज वाटायचं आज सांगू, पण मग नाच सुरू व्हायचा.

प्लास्टरच्या आत खूप खाज येते. आई विणायची सुई घेऊ देत नाही.

तुझी
टिटवी


१९ नोव्हेंबर

चिंगे,

इतके दिवस लिहिलं नाही. आधी तुझ्यावर भडकले होते, मग टिटवीचं पत्र आलं आणि भडकायलाही तोंड उरलं नाही.

कानाच्या डॉक्टरकडे गेले. काचेच्या एका खोलीत बसवलं, कानावर टोप्या चढवल्या आणि हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. मी बसले वाट बघत. बाहेरची मुलगी काही सुरूच करेना. शेवटी वैतागून मी दार उघडलं आणि म्हटलं, बाई, लाव की तुझं यंत्र. ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, आजी, संपलं.

कानात मशीन बसवून दिलं. बाहेर आले तर माझ्या स्वतःच्या चपला वाजत होत्या! पिशवी वाजत होती, हातातला कागद वाजत होता. एक बाई रस्त्यापलीकडे पोराला दटावत होती तेही मला ऐकू आलं. मी वेड्यासारखी तिथेच उभी राहिले. इतकं सगळं चालू असतं जगात आणि मी त्यातून कधी बाहेर पडले मला पत्ताच नाही.

मग वर्गात गेले. पोरींना काही सांगितलं नाही. केसांनी कान झाकले आणि नेहमीसारखं डोळे मिटून म्हटलं, करा सुरू. पहिलं पाऊल पडलं आणि मी खुर्चीतून उठले गं. दोन्ही हात कानांवर गेले. मला वाटलं छत आलं खाली. डोळे उघडून बघते तर त्या नाचत होत्या, नुसत्या नाचत होत्या, नेहमीसारख्या. मी किंचाळले, थांबा. मग त्या थांबल्या आणि मला त्यांचा श्वास ऐकू आला.

मी सगळ्यांना खाली बसवलं आणि पाय दाखवायला सांगितले. कोणी दाखवेनात. मीच खाली बसले आणि एकेकीचा पाय हातात घेतला. टाचा दगडासारख्या, बोटांना चिकटपट्ट्या, एकीचा अंगठा वाकडा झालेला, एकीच्या घोट्याला सलवारीच्या आत पट्टा बांधलेला. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला लाज वाटली ती वाटलीच. पण त्याहून जास्त, मला त्या पोरींची भीती वाटली. इतकं प्रेम असतं आणि ते असं पायांतून चालतं, हे मला झेपेना. मी कोण गं अशी?

नाट्यगृहाची तारीख परत केली. आता आम्ही पाऊल टेकवायला शिकतोय. आधी चवडा, मग टाच, गुडघा सैल, आणि वजन अलगद खाली. या लाकडावर एवढ्याने पुरेसं वाजतं. मला हे आधीच ऐकू यायला हवं होतं, पण ते जाऊ दे. टिटवीचा पाय कसा आहे तेवढं लिही. मी विचारायला घाबरते म्हणून शेवटी विचारलं.

ताई


२५ जानेवारी

ताई,

सांधलं. कालच्या तपासणीत भेग दिसली नाही. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो मी दिव्यावर धरून बघत बसले. डॉक्टर आपलं बोलत होते, माझं लक्ष नव्हतं. इतकी वर्षं मी हेच काम करते, लोकांची हाडं जुळताना बघते, आणि तरी मला कळत नाही की कोणी न सांगता, कोणी न बघता ते हाड आत आपलं काम कसं करत राहतं. जिथे रक्त नीट जात नाही तिथे ते रोज थोडं थोडं भरत होतं, आणि आम्ही बाहेर चहा पीत होतो, भांडत होतो. मी घरी येऊन रडले. टिटवी म्हणाली, आई, आता कशाला?

नोव्हेंबरच्या शेवटी प्लास्टर काढलं तेव्हा उजवी पोटरी एवढीशी झालेली. आता नाव शोभतं अगदी. पाण्यात चालली, मग काठीने, मग काठीशिवाय. दात घासताना एका पायावर उभी राहते, तोल परत यावा म्हणून. दुखतं का विचारलं की नाही म्हणते. या वेळी तपासणीही तेच म्हणते, म्हणून मी मानलं.

मी तिला तुझ्याकडे पाठवू नये असं घरात सगळ्यांचं मत आहे. माझंही होतं. पण ती तिसऱ्या मजल्यावरून खाली रस्त्यावरच्या माणसांची चाल बघत बसते आणि बोटांनी खिडकीच्या कठड्यावर ताल धरते. मला ते बघवत नाही. पुढच्या महिन्यात मी तिला आणून सोडते. एक दिवसाआड, थोडाच वेळ, आणि जरा काही वाटलं की थांबायचं. त्या शेवटच्या नाचाचं सध्या नावसुद्धा काढायचं नाही. ती स्वतःहून थांबणार नाही, ताई. तुलाच थांबवावं लागेल. तुझ्यावर सोपवते आहे.

चिंगी


३ मार्च

चिंगे,

आधी हे वाच, मग घाबर. टिटवी ठीक आहे. समोर बसून चहात बिस्कीट बुडवते आहे.

आज तिला पहिल्यांदा जमिनीवर उभं केलं. तिला सांगितलं, अगदी साधं चालून दाखव, तालात. वाद्यवाल्यालाही हात आवरायला लावला. बाकीच्या पोरी भिंतीला टेकून बसल्या. ती सुरू झाली आणि मला काय वाटलं ते कसं लिहू? पाऊल टेकतं त्याचा आवाज मला माहीत होता. पण पाऊल उचलतं त्याचाही आवाज असतो, चिंगे! कातडी लाकडापासून सुटते त्याचा. इतका बारीक, की श्वास रोखून ऐकावा लागतो. इतकी वर्षं नाचले, इतकी वर्षं शिकवलं आणि हे माझ्या कानांवर पडलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचंही भान नव्हतं.

पण मग मला दुसरं ऐकू यायला लागलं. डावं पाऊल पूर्ण टेकत होतं. उजवं येत होतं जरासं उशिरा आणि जात होतं लवकर. दिसायला काही नव्हतं. चेहरा हसरा, मान ताठ, हात सुरेख. तुझ्या तपासणीतही ते दिसलं नसतं. ती पाय चोरत होती.

मी हात वर केला. ती थांबली नाही, माझा हात दिसलाच नाही असं दाखवून पुढे चालू लागली. मग मी मोठ्याने 'थांब' म्हटलं.

"दुखतंय," मी म्हटलं.

"नाही, बाई."

"टिटवे, मला ऐकू येतंय."

ती उभी राहिली. वर्गात इतकी शांतता होती की मला वाटलं मशीन बंद पडलं. मग ती म्हणाली, "हो. थोडंसं दुखतंय."

तिने हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं असेल. मी तिला खाली बसवलं, पाय मांडीवर घेतला. जुन्या जागी काही नाही, मी नीट दाबून बघितलं. बाजूला, घोट्याच्या खाली, शीर ताठरली आहे. तुझ्या डॉक्टरांना फोन केला, हो, फोनच केला आणि सगळं ऐकू आलं. ते म्हणाले, इतके दिवस बंद असलेला पाय आहे, असं होतं. आठवडाभर आराम, मग परत बघू. वेळेवर थांबलात, म्हणाले.

पण मी तुला लिहायला बसले ते याच्यासाठी नाही. मी तिचा पाय मांडीवर घेऊन बसले होते, तेवढ्यात भिंतीपाशी बसलेली एक पोरगी हळूच म्हणाली, बाई, माझा गुडघा जिना उतरताना धरतो. मी मान वळवली. तिच्या शेजारची म्हणाली, माझी टाच सकाळी टेकवत नाही. मग तिच्या पलीकडची. मग ती, जिने त्या दिवशी तुला बघून ओठांवर बोट ठेवलं होतं (तिनेच नंतर मला कबूल केलं), ती म्हणाली, माझी कंबर, बाई, पुष्कळ दिवसांपासून. एकीमागून एक सगळ्या बोलायला लागल्या, कोणी रडत नव्हतं, कोणी तक्रारही करत नव्हतं. वाद्यवाला मान खाली घालून बसला होता. शेवटी तोही म्हणाला की त्याचं मनगट रात्री बधिर होतं.

आज वर्गात नाच झालाच नाही. मी जमिनीवर बसून सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

तू सुट्टी काढून ये. सगळ्यांचे पाय तुला दाखवायचे आहेत.

ताई